‘परत सांगा’ म्हणायची लाज कसली?

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्या बायांना झालं तरी काय? आज आम्ही विमानाबद्दल बोलणार आहोत. तेही खऱ्या नाही, कॉम्प्युटरवरच्या विमानाबद्दल. पण रेडिओ बंद करू नका. ह्यात एका मुलीच्या लग्नाची बोलणी आहेत, गल्लीतली कुजबुज आहे आणि आमच्या गटाचे बुडता बुडता वाचलेले चार हजार रुपयेसुद्धा आहेत.

आपल्याकडे कापूस वेचताना किंवा केळीच्या घडांना पिशव्या घालताना डोक्यावरून छोटं विमान घिरट्या घालत जातं, हे तुम्ही पाहिलेलं असेल. खानदेशात ही विमानं जास्त दिसतात, कारण आपल्याकडे विमान शिकवतात. शिरपूरला शिकवतात. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकवतात. जळगावच्या विमानतळावरूनही शिकाऊ विमानं उडतात. पोरं मान वर करून टाटा करतात आणि आपण पुन्हा वेचणीला लागतो.

पण त्या विमानात बसलेला माणूस नुसता विमान चालवत नसतो, तो सारखा बोलत असतो. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. खाली मनोऱ्यात बसलेला नियंत्रक त्याला सांगतो, कधी निघायचं, किती उंच जायचं, कुठे वळायचं, कधी उतरायचं. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखंच काम. पण पोलीस हाताने सांगतो आणि हा सांगतो फक्त आवाजाने. त्याला बऱ्याचदा विमान डोळ्यांनी दिसतही नाही. म्हणजे सगळी भिस्त कशावर? नीट बोलण्यावर आणि नीट ऐकण्यावर.

आता त्या मुलीकडे येऊ. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आहे, जळगावला कॉलेजात बीएस्सी करते. फिजिक्स आणि गणित घेतलंय. घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, मामाने दिलेला. ती रात्री जेवणं झाली, भांडी झाली की त्याच्यासमोर बसायची, कानाला हेडफोन लावायची आणि इंग्रजीत बोलायची. ‘गुड इव्हनिंग’ म्हणायची. तासाभराने ‘थँक यू, गुड नाइट’ म्हणायची.

भिंतीला भिंत लागून घर. शेजारणीने ऐकलं. शेजारणीचं ऐकून दुसरीने ऐकलं. आठ दिवसांत गल्लीभर झालं की अमक्यांची पोरगी रात्री दहाला पुरुषांशी इंग्रजीत बोलते. तेव्हाच तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. त्या लोकांनी मध्यस्थाकडे विचारलं, ‘मुलगी रात्री कुणाशी बोलते म्हणे?’ वडिलांनी कॉम्प्युटरची वायर काढून कपाटावर ठेवली आणि मुलीशी बोलणं सोडलं. ताई गटाच्या मीटिंगला आल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, ‘पोरगी म्हणते, मी विमान उडवते. मी काय सांगू लोकांले?’

खरं सांगायचं तर आम्हालाही तिचं म्हणणं खरं वाटलं नव्हतं. आम्ही ताईंना धीर दिला, पण मनात पाल चुकचुकली होतीच. म्हणून ठरवलं, आपण सगळ्यांनी मिळून एक दिवस जायचं आणि बसून ऐकायचं. वडिलांना विनंती केली, एक रात्र वायर लावा. ते म्हणाले, ‘तुमचं तुम्ही पाहा.’ पण वायर काढून दिली.

आम्ही सातजणी गेलो. मुलीने हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घेतला. मग तिने आम्हाला समजावलं.

कॉम्प्युटरवर विमान चालवायचे खेळ असतात. पडद्यावर विमानाच्या काचेतून दिसतं तसं सगळं दिसतं. धावपट्टी, घड्याळासारख्या तबकड्या, ढग, डोंगर. हे खेळ चाळीसेक वर्षांपासून आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पहिला १९८२ साली आला. काही विकत घ्यावे लागतात, फ्लाइटगिअर नावाचा एक फुकट मिळतो. जुन्या मशीनवर चित्र अडखळतं, पण चालतं. इथवर तो एकट्याचा खेळ. पण २००१ पासून इंटरनेटवर व्हॅटसिम नावाची एक जागा आहे. तिथे जगभरचे असे हौशी लोक एकत्र येतात. काहीजण वैमानिक होतात आणि काहीजण नियंत्रक. मुंबईचा नियंत्रक म्हणून कुणीतरी आपल्या घरी बसलेला असतो, त्याच्या पडद्यावर सगळी विमानं ठिपक्यांसारखी दिसतात. मग हे दोघं खऱ्या वैमानिकासारखं आणि खऱ्या नियंत्रकासारखं एकमेकांशी बोलतात. त्याच शब्दांत, त्याच नियमांनी. पैसे लागत नाहीत. वय तेरा पूर्ण हवं. नियंत्रक व्हायचं असेल तर आधी शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. शिकवणारेही हौसेने, फुकट शिकवतात.

आमच्यातल्या एका मावशींनी सरळ विचारलं, ‘म्हणजे तू पुरुषांशीच बोलतेस ना?’ मुलगी म्हणाली, ‘हो मावशी, पुरुष असतात, बायाही असतात. पण ऐकणारे सगळे असतात.’

हे आम्हाला आधी कळलं नाही, आणि खरी गोम ह्यातच होती. फोनवर दोघं बोलतात आणि तिसऱ्याला ऐकू येत नाही. ह्या रेडिओवर तसं नाही. एका पट्ट्यावर जेवढी विमानं, तेवढे सगळे एकमेकांचं ऐकतात. नियंत्रकाने एकाला सांगितलं तर दहाजणांच्या कानावर जातं, आणि तसं जायलाच हवं, म्हणजे कुणी कुठे चाललंय हे सगळ्यांना कळतं. आपल्या विहिरीवरच्या बोलण्यासारखं. ज्याला चोरून बोलायचं असेल तो विहिरीवर येईल का? शिवाय एक बोलत असताना दुसऱ्याने बटण दाबलं तर दोघांचाही आवाज बिघडतो, म्हणून मोजकंच बोलायचं, गप्पा मारायच्या नाहीत. मुलींसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे पूर्ण नाव लावायचं बंधन नाही, नोंदणीचा नंबर लावला तरी चालतो. ती नंबरच लावते. एकमेकांना लिहून खासगी चिठ्ठी पाठवायची सोय मात्र आहे. तिथे जी काळजी फोनवर घेतो तीच घ्यायची. कुणी त्रास दिला तर देखरेखीला माणसं असतात, त्यांना लगेच बोलावता येतं. हे सगळं तिने वडिलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. ते ओसरीवर बसले होते, पाठ आमच्याकडे होती.

त्या रात्री तिला मुंबईहून जळगावला यायचं होतं. अंतर फार नाही, तासाभराचं काम. मुंबईला त्या वेळी नियंत्रक हजर होता. आवाजावरून तरुण वाटला, बोलण्याच्या लकबीवरून दक्षिणेकडचा. कोण, कुठला, हे तिलाही माहीत नव्हतं. ती बोलायला लागली आणि आम्ही तोंडाकडे पाहत राहिलो. एरवी हळू बोलणारी, चार माणसांत मान खाली घालणारी पोरगी. आवाज स्वच्छ, न घाई, न ओरडणं.

इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, पण एक गोष्ट कळली. तो जे म्हणे, तेच ती परत म्हणे. तो एक आकडा सांगे, ती तोच आकडा परत सांगे. एका वहिनींना वाटलं, बहुतेक त्याची नक्कल करतेय. मुलगी हसली. म्हणाली, हाच तर नियम आहे. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. धावपट्टीचा नंबर, उंची, दिशा, निघायची परवानगी. नुसतं ‘हो’ किंवा ‘ठीक आहे’ म्हटलेलं चालत नाही. इंग्रजीत ह्याला रीडबॅक म्हणतात. परत म्हटल्याशिवाय सूचना पोचली असं धरतच नाहीत.

आणि मग आमच्या डोळ्यांसमोरच ती चुकली. तो म्हणाला, ‘वन थ्री झिरो’, म्हणजे एक तीन शून्य. मागची दोन शून्यं धरायची, म्हणजे तेरा हजार फुटांवर जा. ती म्हणाली, ‘वन फाइव्ह झिरो’. पंधरा हजार. लगेच तिकडून शांतपणे आलं, ‘निगेटिव्ह’, आणि तोच आकडा त्याने पुन्हा सावकाश सांगितला. तिने पुन्हा म्हटला. ह्या वेळी बरोबर. संपलं. तो चिडला नाही, हसला नाही. ती ओशाळली नाही. दोन हजार फुटांची चूक चार सेकंदांत दुरुस्त झाली. तिने परत म्हणून दाखवलं नसतं, नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तर ती चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

खेळात ठीक आहे. खऱ्या विमानात काय होतं? त्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट आम्ही नंतर नीट विचारून घेतली. २७ मार्च १९७७. स्पेन देशाच्या ताब्यातलं टेनेरिफ नावाचं बेट. तिथल्या लहान विमानतळावर दाट धुकं होतं आणि एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड मोठी विमानं होती. एका विमानाचा कॅप्टन निघायच्या घाईत होता. त्यांच्याकडून रेडिओवर असं काहीतरी बोललं गेलं, ज्याचा अर्थ ‘आम्ही निघायच्या जागी आहोत’ असाही होत होता आणि ‘आम्ही निघालोच आहोत’ असाही. नियंत्रकाने उत्तराची सुरुवात केली ‘ओके’ने. पुढे तो म्हणाला, थांबा, मी सांगेन तेव्हा निघा. पण नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही बटण दाबलं आणि दोन्ही आवाज एकमेकांत अडकून नुसती शिट्टी ऐकू आली. पहिल्या विमानाला नीट ऐकू आला तो ‘ओके’. ते सुटलं. समोर धुक्यात दुसरं विमान धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली. विमानांच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही.

त्यानंतर रेडिओवरचं बोलणं घट्ट बांधून टाकलं गेलं. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी दुसरा शब्द. संदिग्ध ‘ओके’ चालत नाही.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, अवशेष शेतांत पडले. एकाला पंधरा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, दुसऱ्याला चौदा हजारांवर. पहिलं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत त्या परदेशी वैमानिकांचं इंग्रजी कच्चं असणं हेही होतं. म्हणजे इंग्रजी न येणारे आपणच नाही, मोठमोठी विमानं चालवणारेही होते! फरक एवढाच की आता त्यांना इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावी लागते.

आता आमच्या चार हजारांची गोष्ट. आमचा गट केळीचे वेफर्स करतो. पिशव्या देणाऱ्या माणसाचा नवा मोबाइल नंबर आमच्यातल्या एकीने फोनवर ऐकून वहीत लिहिला. शेवटचे दोन आकडे तो म्हणाला ‘एकोणसत्तर’. हिने लिहिलं ५९. त्या नंबरावर मोबाइलने चार हजार पाठवले. पडद्यावर नाव दुसरंच दिसत होतं. वाटलं, त्याच्या घरच्या कुणाचं असेल. पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात गेले. फोन, विनवण्या, बँकेच्या खेपा. दीड महिन्याने परत मिळाले, आणि तेही त्या माणसाची नियत चांगली म्हणून. लिहिणारीला आम्ही नको ते बोललो. तिने दोन महिने मीटिंगला येणं सोडलं. आता वाटतं, चूक तिची एकटीची नव्हती. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी! आपल्या मराठी आकड्यांत ही गंमतच आहे. शाळेत आपण सगळ्यांनीच ह्यावर मार खाल्लाय.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, विमानवाले म्हणूनच जोडून आकडा म्हणत नाहीत. एकेक आकडा सुटा म्हणतात. एकोणसत्तर नाही, सहा नऊ. आणि इंग्रजीतला ‘नाइन’ घाईत ‘फाइव्ह’सारखा ऐकू येतो म्हणून नऊला मुद्दाम ‘नायनर’ म्हणतात, पाचला ‘फाइफ’. अक्षरांचंही तसंच. बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून बीला ‘ब्राव्हो’, डीला ‘डेल्टा’, पीला ‘पापा’ म्हणायचं. ‘पापा’ ऐकून आमच्या मावशी खूप हसल्या. आपल्या देशातल्या विमानांच्या पाटीवर सुरुवातीला व्ही आणि टी ही अक्षरं असतात, ती म्हणायची ‘व्हिक्टर टँगो’. आम्ही आता गटात नंबर घेताना ‘ब्राव्हो’ वगैरे म्हणत नाही बरं का. पण सुटे आकडे म्हणतो, लिहिणारी परत वाचून दाखवते, आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचते.

मुलीने आणखी एक कबुली दिली, ती ऐकून आम्हाला आपलीच आठवण झाली. सुरुवातीचे दोन महिने ती तिथे एक शब्दही बोलली नव्हती. नुसतं ऐकत होती. तशी मुभा आहे, पाहुण्यासारखं बसून ऐकता येतं. नंतर विमान घेऊन आली, पण माइक न लावता टाइप करून उत्तर द्यायची. तीही मुभा आहे. भीती कसली? आपलं इंग्रजी ऐकून लोक हसतील. आपला खानदेशी हेल कळेल. पण ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की तिथे जपानचा माणूस जपानी वळणाने बोलतो, ब्राझीलचा त्याच्या वळणाने, आणि रोज कुणी ना कुणी म्हणतो, ‘से अगेन’. परत सांगा. अनुभवी माणसंही म्हणतात. हा त्या भाषेतला ठरलेला, मानाचा शब्द आहे. तो म्हणणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही. उलट न कळताच पुढे गेलेल्याला बोलणी बसतात.

आपण काय करतो? डॉक्टर घाईघाईत सांगतात, ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, ही अर्धी. आपण म्हणतो ‘हो’. बाहेर येऊन दुसऱ्या बाईला विचारतो, ‘काय सांगितलं गं?’ बँकेत साहेब हप्त्याची तारीख सांगतात, आपण मान हलवतो. सासरी पहिल्या दिवशी कामं सांगतात, आपण मान हलवतो. ‘माले समजनं नही, परत सांगा’ हे पाच शब्द आपल्या तोंडातून निघता निघत नाहीत. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, आमच्या वेळी परत विचारलं तर ‘कान फुटले का’ म्हणायचे. म्हणून सवय लागली मान हलवायची.

त्या रात्रीचं राहिलंच. विमान जळगावच्या जवळ आलं होतं. जळगावला त्या वेळी कुणी नियंत्रक बसलेला नव्हता. असं असलं की वैमानिकाने एका ठरलेल्या पट्ट्यावर, १२२.८ वर, आपणच सांगायचं की मी अमक्या उंचीवर आहे, अमक्या बाजूने येतोय, उतरतोय. ऐकणारा कुणी असो नसो. खऱ्या आकाशातही जिथे नियंत्रक नसतो तिथे वैमानिक असंच करतात. ती सांगत होती, पडद्यावर काळोखात दिव्यांची रांग दिसायला लागली होती, आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर बंद. घर अंधारात. आम्ही सगळ्याजणी ‘अरे देवा’ म्हणालो. आणि ओसरीवरून वडिलांचा आवाज आला, ‘आता विमानाचं काय?’

पंधरा दिवसांत ते मुलीशी पहिल्यांदा बोलत होते.

मुलीने अंधारातच सांगितलं, की बाबा, हे खोटं विमान आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मग त्यांनी विचारलं, खऱ्याचं काय होतं? तिने सांगितलं, खऱ्या विमानाचा रेडिओ बंद पडला तर वैमानिक एका यंत्रावर ७६०० हा आकडा लावतो, म्हणजे खाली पडद्यावर कळतं की ह्याला बोलता येत नाही. मग मनोऱ्यातून दिव्याने सांगतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा. उघडझाप करणारा लाल म्हणजे इथे उतरू नको, धोका आहे. वडील म्हणाले, ‘रेल्वेसारखंच आहे.’ भुसावळला त्यांचे काका रेल्वेत होते. कंदील लागला, चहा झाला, आणि बापलेकीचं बोलणं चालूच राहिलं. आम्ही हळूच निघालो.

हे सगळं सांगताना आम्हाला वर्डीची आठवण येते. १६ जुलै २०२१. चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या रानात शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान कोसळलं. शिकवणारे वैमानिक जागीच गेले. शिकणारी तरुण मुलगी जबर जखमी झाली. तिथे रस्ता नव्हता. सगळ्यात आधी धावले ते आसपासचे आदिवासी बंधू-भगिनी, आणि एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. तेव्हा पेपरात आलं होतं, तुमच्यापैकी अनेकींनी वाचलंही असेल. म्हणून विमान म्हटलं की तो शहराचा विषय, असं आम्हाला वाटत नाही.

आता काहीजणी विचारतील, ह्या खेळातून पोट भरतं का? स्पष्ट सांगतो, नाही. त्याचं सर्टिफिकेट कुठे चालत नाही. वैमानिक व्हायला खऱ्या आकाशात दोनशे तास उडावं लागतं आणि त्याला लाखो रुपये लागतात. आपल्यातल्या बहुतेकींच्या घरून ते झेपणारं नाही, उगीच स्वप्न विकायचं नाही. पण नियंत्रकाची नोकरी वेगळी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण त्यासाठी भरती काढतं. फिजिक्स आणि गणित घेऊन बीएस्सी झालेली मुलगी किंवा इंजिनिअर त्याला बसू शकते. वयाची अट साधारण सत्तावीसची, राखीव गटांना सवलत. लेखी परीक्षा झाली की आवाजाची चाचणीही असते. निवड झाली की सरकारी खर्चाने प्रशिक्षण, आणि त्याचं एक केंद्र आपल्या महाराष्ट्रात, गोंदियाला आहे. ज्यांच्या मुली अकरावी-बारावीला सायन्स घेतायत त्यांनी एवढं लक्षात ठेवा, की गणित आणि फिजिक्स सोडलं तर हे दार बंद होतं. अटी बदलू शकतात, म्हणून जाहिरात पूर्ण वाचायची, आणि नाही कळली तर… पुढचं तुम्हीच म्हणा!

बायांना हे जमेल का, असंही कुणी म्हणेल. सरला ठकराल यांनी १९३६ साली साडी नेसून विमान उडवलं आणि परवाना मिळवला, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला एक विमान गेलं, त्यात वैमानिकापासून सगळ्या बायाच होत्या. त्या विमानाच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. कॅप्टन देशमुखांना त्या दिवशी ‘परत सांगा’ म्हणावं लागलं का, कुणास ठाऊक. लागलं असेल तर त्यांनी म्हटलंच असेल.

मुलीचं ते स्थळ मोडलं. ताईंना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. गल्लीतली कुजबुज पूर्ण थांबली असंही नाही. आम्ही शेजारणीला बोलावलं होतं ऐकायला, ती आली नाही. मुलगी आता नियंत्रकाचं शिकतेय. पहिली पायरी जमिनीवरची. विमान उभं असतं तिथून धावपट्टीपर्यंत कोणत्या वाटेने न्यायचं, एवढंच. परवा तिची चाचणी होती, एका ठिकाणी चुकली, पुन्हा द्यायची आहे.

ताईंनी स्वतःपुरता एक बदल केला. सासूबाईंच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणायला त्या दवाखान्यात गेल्या होत्या. नर्सताईंनी सांगितलं तसं त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, ‘ही सकाळी एक, ही रात्री एक.’ नर्सताई म्हणाल्या, ‘रात्रीची अर्धी हो, अर्धी.’

आणि वडिलांनी कुठून तरी जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून कॉम्प्युटरला जोडून दिलंय. वीस मिनिटं टिकतं. लाईट गेली तर तेवढ्या वेळात जळगावला उतरता येतं की नाही, याचा हिशोब त्यांनी मुलीकडून दोनदा करून घेतला.